जुन्या चर्चमधले स्मृतिलेख तुम्ही थांबून वाचता का?

मुचकुंदा (धागा सुरू करणारी)

मंडळी, मी शाळेत इतिहास शिकवते. गेल्या महिन्यात फोर्टात एका कामाला गेले होते, दोन तास मोकळे मिळाले म्हणून हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमसमध्ये शिरले. बाहेर रणरणतं ऊन आणि आत एकदम गार, शांत. आधी बाकावर टेकले. मग लक्षात आलं की चारही भिंती माणसांच्या नावांनी भरल्या आहेत. पांढऱ्या संगमरवराच्या मूर्ती, गलबतं, रडणाऱ्या बायका, काळ्या अक्षरांतले लांबलचक लेख.

वाचत वाचत कर्नल बरच्या स्मारकापाशी आले आणि पाय थबकले. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. ही तारीख मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. बापू गोखले, धारातीर्थी पडलेले मोर दीक्षित, गणेशखिंड, दलदलीत अडकलेले घोडे, हे सगळं मुलांना सांगते. त्या दिवशी समोरच्या फौजेचा सेनापती हाच बर. इतकी वर्षं तो माझ्यासाठी पुस्तकातलं एक नाव होता. इथे त्याच्यामागे शोक करणारी माणसं होती, कारागिराला दिलेले पैसे होते, भिंतीवर राखलेली जागा होती.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. या भिंतींवर आपल्याही इतिहासाची एक बाजू लिहून ठेवली आहे आणि आपण ती वाचत नाही. तुमच्या गावात, परगावात, परदेशात जुन्या चर्चमध्ये असे लेख पाहिले आहेत का? आणि माझा खरा प्रश्न: आपल्या माणसांची नावं यात कुठे सापडतात का?

पावशेर

बाई, तुम्ही आमच्या शाळेत का नव्हतात!

फोर्टातला

छान विषय. थोडी भर घालतो, कारण माझं ऑफिस तिथून चार पावलांवर आहे.

सेंट थॉमसला कॅथेड्रलचा दर्जा १८३७ साली मिळाला. त्याआधी ते बंदरावरच्या इंग्रज वस्तीचं साधं चर्च होतं. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, १६७६ ला पाया घातला, आणि मग काम असं रखडलं की चाळीस वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या. १७१५ मध्ये रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी काढून काम पुन्हा उभं केलं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. चर्चगेट हे नाव याच चर्चवरून आलंय. किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा या चर्चच्या बाजूला होता तो चर्चगेट. रोज लाखो लोक ते नाव घेतात आणि चर्च मात्र स्टेशनपासून लांब असल्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक. मुंबईतले जुने मैलाचे दगड पाहिलेत का? काळ्या दगडावर रोमन आकडा आणि ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ असा मजकूर. शहराचं अंतर इथून मोजत. काही दगड फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत गाडले गेले होते, अलीकडे वर काढले.

आत जाल तेव्हा जोनाथन डंकनचं स्मारक चुकवू नका. १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या स्मारकात दोन लहान मुलं हातात पट धरून उभी आहेत आणि पटावर बनारस व काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचं लिहिलंय. लढाई नाही, तलवार नाही, दोन पोरं. मला सगळ्या चर्चमध्ये तेच सर्वात जास्त आवडतं.

रानजाई

मला हे सगळं वाचताना वीरगळ आठवले, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. आपल्याकडे तरी दुसरं काय आहे? खालच्या चौकटीत पडलेला वीर, त्यावर लढाई, मग अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यावर तर समुद्रावरची लढाई कोरली आहे, वल्हवणाऱ्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. सेंट थॉमसमध्ये कॅप्टन हार्डिंगचं स्मारक आहे ना? १८०८ मध्ये फ्रेंच जहाज पकडताना तो मारला गेला. एकसर आणि फोर्ट एकाच शहरात. दर्यावर मेलेल्या माणसांचे दोन दगड, मध्ये सातआठशे वर्षं.

फरक एकच. आपल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. वीर कोण ते गाव सांगत असे, आणि गाव विसरलं की दगड मुका.

रांगडा_गडी

धागा चांगला आहे पण मला एक कळत नाही. ज्यांनी पुणं घेतलं त्यांच्या संगमरवरापुढे आपण हळवं का व्हायचं? तो संगमरवर आणि ते शिल्पकार कुणाच्या महसुलावर पोसले? माझ्या गावातला वीरगळ शेताच्या बांधावर उताणा पडलाय, त्यावर बायका धुणं आपटतात. आधी तो उभा करू, मग बरसाहेबांचं बघू.

मुचकुंदा

रांगडा दादा, तुमचा राग मला कळतो, आणि वीरगळ उभा करायला मी सुट्टीत मुलांना घेऊन येईन. खरंच सांगतेय, गाव कळवा.

पण हळवं होणं आणि वाचणं या दोन गोष्टी आहेत. मुलांना मी बखर वाचून दाखवते, तेव्हा बखरकाराची बाजू घेत नाही. त्याने काय लिहिलं, काय गाळलं, ते शोधायला शिकवते. हे लेखही तसेच वाचायचे. मेलेल्याच्या लेखात दोष कुणी लिहीत नाही, प्रत्येक जण शूर, दयाळू आणि सर्वांचा लाडका असतो. त्यातून त्या लोकांना स्वतःबद्दल काय ऐकायला आवडत होतं ते कळतं.

घोस_आळी

मी वसईची. आमच्याकडे चर्चला अजूनही देऊळच म्हणतात, मिस्सेला निघालेली आजी ‘देवळात जाते’ असंच सांगायची. त्यामुळे या धाग्याचं शीर्षक वाचून मी आधी हसले.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये जा. छप्पर गेलंय, कमानी उभ्या आहेत आणि जमिनीत पोर्तुगीज थडग्यांच्या मोठमोठ्या शिळा आहेत. घराण्याची ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, खाली पोर्तुगीजमधे ‘ही अमक्याची कबर’, कुठे ‘आणि त्याच्या वारसांची’. त्या काळी मोठ्या माणसांना चर्चच्या आतच पुरत, वेदीच्या जितकं जवळ तितका मान मोठा. म्हणून त्या शिळा पायाखाली येतात. पूर्वी लोक मिस्सेला त्यांच्यावरूनच चालत आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. उलट माझ्यावरून जाणाऱ्याने माझ्यासाठी एक प्रार्थना म्हणावी, अशी मेलेल्याची इच्छा असे.

आता जे चालतं त्याचा मात्र त्रास होतो. लग्नाआधीचे फोटो काढायला रोज जोडपी येतात. एकदा एका शिळेवर रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवून ठेवलेल्या पाहिल्या. साडेतीनशे वर्षं टिकलेली अक्षरं, त्यावर गुलाबी डाग. मी जाऊन सांगितलं, त्यांनी लगेच उचललं, मुलगी तर घाबरून गेली. त्यांना ती फरशी वाटली होती. तिथे साधी पाटी असती तर ही वेळ आली नसती.

पावशेर

वसई निघाली म्हणजे घंटा निघणारच. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसली. आमच्या आत्याला सगळे तेच म्हणायचे आणि ती ते अभिमानाने सांगायची.

घोस_आळी

हो, मेणवलीची पाहिली आहे. मला तिथे अजिबात परकं वाटलं नाही. एका देवळातून दुसऱ्या देवळात गेली, इतकंच. घाटावर पाणी संथ होतं आणि घंटेवरचा क्रूस हाताला लागला.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे इगर्ज म्हणतात, त्यामुळे घोस_आळी ताईंच्या देवळासारखंच इथेही.

जुन्या गोव्याला येणारे लोक बॉम जीझस पाहतात, झेवियरची पेटी पाहतात आणि परततात. टेकडीवर रोझरीची इगर्ज आहे तिकडे फारसं कुणी चढत नाही. आत भिंतीत कातारिना आ पिरो हिची कबर आहे, गव्हर्नर गार्सिया द सा याची बायको, इथे आलेल्या अगदी पहिल्या पोर्तुगीज बायकांपैकी एक. तिच्या कबरीवरचं कोरीवकाम बघा. कमान, खांब, वेलबुट्टी, सगळी गुजराती कारागिराच्या हातची घडण. नाव पोर्तुगीज, अक्षरं पोर्तुगीज, आणि दगड मात्र खंबायतच्या बाजूचा वाटावा असा नटलेला. गार्सिया १५४९ ला गेला, त्याची शिळा तिथेच जमिनीत आहे.

दुसरी जागा रेइश मागुश. मांडवीच्या मुखावरचा किल्ला सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या पायथ्याशी १५५५ ची इगर्ज आहे, बार्देशातली पहिली. तिथे व्हाइसरॉय लुईस द अताईद याची शिळा आहे. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला, तेव्हा गोवा राखणारा हाच. म्हणजे मुचकुंदा बाईंच्या वर्गातल्या फळ्यावरचा आणखी एक माणूस.

फोर्टातला

चौलच्या वेढ्याचा तपशील मस्त. एक लक्षात ठेवण्यासारखं: कबर आणि स्मारक यात फरक करायला हवा. मांडवीकाठ म्हणतात त्या शिळा माणूस पुरला त्या जागेवरच्या आहेत. सेंट थॉमसमधल्या बऱ्याच स्मारकांखाली कुणीच नाही. हेरातच्या वेढ्यात गाजलेला एल्ड्रेड पॉटिंजर १८४३ मध्ये हाँगकाँगला वारला, फलक मुंबईत. ज्या जहाजावर नेपोलियन १८१५ मध्ये शरण आला त्या बेलेरोफनचा कप्तान मेटलंड पुढे अॅडमिरल झाला, १८३९ मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला, त्याचंही स्मारक इथेच. नेपोलियन ज्याच्या हाती आला तो माणूस शेवटी आपल्या फोर्टात!

सरेकर

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहते, वीस वर्षं झाली. इथल्या खेड्यातल्या चर्चचं दार दिवसा बहुतेक वेळा नुसतं लोटलेलं असतं, आत कुणी नसतं. पहिल्यांदा गेले तेव्हा कुणी ओरडेल म्हणून दारातच उभी राहिले होते. आता दर शनिवारी एक चर्च पाहते.

घराजवळच स्टोक डॅबरननला सर जॉन डॅबरननचा पितळी पत्रा आहे. दगडात बसवलेला, चिलखत घातलेला पुरुषभर उंचीचा सरदार, चिलखताची कडी न् कडी कोरलेली, पायाशी सिंह. तो इंग्लंडमधला सर्वात जुना असा पत्रा म्हणून पूर्वी १२७७ चा मानत, आता अभ्यासक त्याला पन्नासेक वर्षं पुढे आणतात. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसाच या पत्र्यांचा ठसा घेतात, मोठा कागद आणि मेणाची काळी वडी. एका आजींनी मला शिकवलं. दोन तास गुडघ्यावर बसून घासत होते आणि कागदावर हळूहळू सरदार उगवत होता. तो कागद आमच्या जिन्यात लावलाय.

या पत्र्यांची एक गंमत. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा तिथले पत्रे भंगारात निघाले. कारागिरांनी तेच पत्रे उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूला नवं गिऱ्हाईक कोरलं. आज दुरुस्तीला एखादा पत्रा उचकटला की पाठीवर दुसराच मेलेला माणूस सापडतो, कुणी साधू, कुणी बाई, अर्धवट कापलेली.

आणि आपल्याशी नातं असलेलं म्हणाल तर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाईच्या शेवटी पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, होता तोच. १८५९ मध्ये तो इथे लिम्प्सफिल्डला वारला आणि तिथल्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. माझ्या घरापासून बसने जाता येतं. मी फूल घेऊन गेले नाही, पण बराच वेळ उभी राहिले. माझे पणजोबा ज्या शहरात जन्मले ते याने घेतलं आणि नंतर त्याच शहरात शाळाही काढल्या. काय वाटायला हवं ते ठरत नव्हतं.

रॉबर्ट क्लाइव्हची कबर तर श्रॉपशायरमधल्या मोर्टन से या लहानशा चर्चमध्ये आहे आणि तिच्यावर खूणच नाही. भिंतीवर एक छोटा पितळी फलक, त्यावर लॅटिनमध्ये ‘हिंदुस्थानात पहिला’. एवढी अफाट संपत्ती नेलेला माणूस, आणि चर्चमध्ये तो नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

रांगडा_गडी

क्लाइव्हचं वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सरेकर ताई, तिकडचे लोक स्वतः काय म्हणतात? गुलामांच्या व्यापाऱ्यांचे पुतळे पाडले, मग चर्चमधले फलक तसेच?

सरेकर

चांगला प्रश्न. चर्चमधली एक वीटही हलवायची तर धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे रातोरात काही होत नाही. डॉर्चेस्टरच्या सेंट पीटर्समध्ये जॉन गॉर्डन नावाच्या मळेवाल्याचा फलक होता. जमैकात १७६० मध्ये गुलामांनी उठाव केला, तो मोडून काढल्याबद्दल त्याच्या शौर्याची आणि माणुसकीची स्तुती. त्या उठावात शेकडो माणसं मारली गेली होती. चर्चच्याच लोकांना तो फलक बघवेना. आधी झाकला, मग न्यायालयाच्या परवानगीने गावच्या संग्रहालयात हलवला. फोडला नाही. तिथे त्याच्याशेजारी उठावाची खरी हकिगत सांगता येते. मला तो मार्ग पटला.

रानजाई

मलाही. प्रार्थनेच्या जागी स्तुती म्हणून असणं वेगळं आणि संग्रहालयात पुरावा म्हणून असणं वेगळं.

बावधनकर

लेखांच्या गर्दीत मूळ प्रश्न मागे पडला, आपल्या माणसांची नावं. त्याबद्दल लिहितो. माझ्या घराण्यात तीन पिढ्या फौजेत होत्या.

कुलाब्याचं अफगाण चर्च, म्हणजे सेंट जॉन. पहिल्या अफगाण युद्धातल्या आणि सिंधच्या मोहिमेतल्या मेलेल्यांसाठी बांधलं, १८५८ मध्ये वाहिलं. आख्खं चर्चच स्मारक. वेदीजवळ अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि खाली लेख आहे. त्याचा मतलब असा, की वर ज्यांची नावं आहेत त्या अधिकाऱ्यांच्या आणि ज्यांची नावं लिहिता येणार नाहीत इतक्या मोठ्या संख्येने मेलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ. आजाराने किंवा तलवारीने, कर्तव्य करता करता मेलेले.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. ‘नावं लिहिता येणार नाहीत इतके.’ त्या मोहिमेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, त्यात कोकण आणि देशावरची पोरं होती. बोलन खिंडीच्या थंडीत कोण कुठे गेलं याची त्यांच्या घरी बातमी तरी पोचली असेल का? गोऱ्या शिपायाचंही नाव नाही, मग आमचं कुठून असणार.

आणि याच्या उलट कोरेगावचा स्तंभ बघा. चर्च नाही, नदीकाठी उघड्यावर उभा. इंग्रजी आणि मराठी दोन्हीत मजकूर, आणि कामी आलेल्या शिपायांची नावं. त्यात २२ महार सैनिकांची, ‘नाक’ शेवटी असलेली. त्याच इंग्रजांनी, त्याच काळात. म्हणजे ठरवलं की लिहिता येत होतं. नाव दगडावर असलं की काय होतं हे दर १ जानेवारीला दिसतंच. तिथे लाखो माणसं जातात. अफगाण चर्चमध्ये मी गेलो तेव्हा मी एकटाच होतो.

मुचकुंदा

बावधनकर काका, हा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. परवानगी आहे ना?

बावधनकर

आनंदाने. नाव माझं नको, पोरांना त्या वाक्याबद्दल विचारा.

शिरूरकर

थोडं बाजूला जातो, राग नसावा. बरची गोष्ट निघाली तर आपल्या लोकांनी इंग्रजांना काय केलं तेही सांगावं लागेल. आमच्या शिरूरला कर्नल वॉलेसची कबर आहे, १८०९ ची. गावकरी त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत. गॅझेटियरमध्येही नोंद आहे, सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर ठेवत. आणि वडगाव मावळला इष्टुर फाकडा! १७७९ ला कार्ल्यापाशी मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट. शत्रू असून मराठ्यांनी त्याला फाकडा म्हटलं. शौर्य दिसलं की आपली माणसं मोकळ्या मनाने मान द्यायची.

रांगडा_गडी

इष्टुर फाकडा मला माहीत होता, वॉलेसचं नव्हतं माहीत. नैवेद्य? हे बघायलाच हवं.

कावेरीतीर

मी हा धागा पहिल्यापासून वाचतेय आणि वाट बघत होते की कुणी तंजावर काढेल. आमचं घराणं तंजावरचं, पाच पिढ्या तिथे. आमची मराठी तुम्हाला थोडी वेगळी लागेल, सांभाळून घ्या.

मुचकुंदा ताईंनी विचारलं, आपल्या माणसाचं नाव चर्चमध्ये आहे का. आहे. नाव आहे, चेहरा आहे आणि शब्दही त्याचेच आहेत.

तंजावरला शिवगंगा तळ्यापाशी, धाकट्या किल्ल्यात १७७९ चं चर्च आहे. श्वार्ट्झ चर्च म्हणतात. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री. आयुष्य इथेच गेलं, तमिळ उत्तम, इतका विश्वासाचा की इंग्रजांनी हैदर अलीकडे बोलणी करायला यालाच पाठवलं. तुळजा राजे भोसल्यांनी १७८७ मध्ये मरताना आपला दत्तक मुलगा सरफोजी याला श्वार्ट्झच्या हाती सोपवलं. मुलगा दहा वर्षांचा. गादी चुलत्याकडे गेली, मुलाला कोंडून ठेवल्यासारखं ठेवलं होतं. श्वार्ट्झने त्याची बाजू लढवली, त्याला मद्रासला नेऊन शिकवण्याची व्यवस्था केली. १३ फेब्रुवारी १७९८ ला श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. तेच ते सरस्वती महाल ग्रंथालयाचे सरफोजी राजे.

राजाने लंडनला कळवून जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं, ते या चर्चमध्ये आहे. म्हातारा श्वार्ट्झ पलंगावर, शेवटच्या घटकेला. शेजारी तरुण सरफोजी, डोक्यावर पगडी, म्हाताऱ्याचा हात हातात धरून. बाजूला शाळेतली मुलं. शहाजीराजांच्या वंशातला, पाद्र्याच्या बिछान्याशी. तो ख्रिस्ती झाला नाही, श्वार्ट्झनेही त्याला केलं नाही.

आणि श्वार्ट्झच्या कबरीच्या दगडावर इंग्रजी कविता आहे ती सरफोजींनी स्वतः रचलेली. कवी म्हणून मोठी नाही. साध्या यमकाची, इंग्रजी शिकलेल्या परक्या माणसाची. खंबीर होतास, नम्र आणि शहाणा, अनाथांचा बाप, विधवांचा आधार, दुःखात दिलासा, असं एकेक सांगत जाते. शेवटच्या दोन ओळींचा अर्थ असा: ‘बाबा, मी तुमच्या योग्यतेचा व्हावं, हेच इच्छितो आणि प्रार्थितो तुमचा सरफोजी.’

लहानपणी आजोबांनी मला ते वाचून दाखवलं. इंग्रजी वाचलं, मग मराठीत सांगितलं, आणि ‘बाबा’वर त्यांचा आवाज बसला. त्यांचे वडील लवकर गेले होते.

याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढा लांब मराठी शिलालेख दुसरीकडे दाखवा. वंशाचं सांगायला मराठी आणि देऊळ, गुरूचं सांगायला इंग्रजी आणि चर्च. चालत गेलात तर दोन्हींमध्ये फार अंतर नाही.

रानजाई

काटा आला. ‘तुमचा सरफोजी’.

घोस_आळी

कावेरीतीर ताई, तुमची मराठी किती गोड आहे. अजून लिहा.

कॅम्पातली

तंजावरवरून आमच्या पुण्याशी धागा जुळतो तो सांगते. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी वाहिलं. पुढच्याच वर्षी हेबर दक्षिणेत गेले, तंजावरला याच सरफोजी राजांना भेटले आणि तिथून तिरुचिरापल्लीला गेल्यावर ३ एप्रिल १८२६ ला वारले. तिथल्या सेंट जॉन्समध्ये त्यांची कबर आहे.

आणि एक, कुणी बोललं नाही म्हणून. मी लहानपणापासून ज्या चर्चमध्ये उपासनेला जाते तिथे सेनापतींच्या फलकांपेक्षा मला नेहमी लहान फलकांनी धरून ठेवलं. वय वर्षं दोन. वय सात महिने. एकाच आठवड्यात गेलेली भावंडं. पटकी आली की घरं रिकामी व्हायची. रविवारी प्रवचन लांबलं की मी त्या पोरांची वयं मोजत बसायचे. ती कुणाला जिंकायला आली नव्हती.

रांगडा_गडी

कॅम्पातली ताई, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. मुचकुंदा बाई, वीरगळासाठी गाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. कावेरीतीर ताई, तंजावरला यायचं तर कोणता महिना बरा?

मुचकुंदा

मिळाला व्यनि. दिवाळीच्या सुट्टीत बारा मुलं आणि मी. पहार, दोर आणि माणसं तुमची.

एक व्यावहारिक प्रश्न सगळ्यांना. पुसट झालेली अक्षरं वाचायची कशी? मी फोनवर फोटो काढले, घरी येऊन पाहिलं तर निम्मं काही लागत नाही.

फोर्टातला

समोरून फ्लॅश मारू नका. बॅटरी दगडाला लागून आडवी धरा, प्रकाश कडेने गेला की खोलगट अक्षरांत सावली भरते आणि ती उठून दिसतात. उघड्यावरचा दगड असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. पीठ, खडू, कुंकू काहीही अक्षरांत भरायचं नाही, दगड खराब होतो. आणि चर्चमध्ये आधी विचारायचं, उपासना चालू असताना तर अजिबात नाही.

सरेकर

ठसा घ्यायचा मोह होईल, पण लेखी परवानगीशिवाय नको. पितळ झिजतं. इथेही आता खूप ठिकाणी मूळ पत्र्यावर घासू देत नाहीत, नक्कल देतात.

कावेरीतीर

रांगडा दादा, जानेवारीत या, ऊन सोसतं. चर्च बंद असलं तर आसपास विचारा, किल्लीवाले बोलावून आणतात. आणि बृहदीश्वराचा लेख वाचायला मोडी यायची गरज नाही, देवनागरीतच आहे. एक दिवस पुरणार नाही.

रांगडा_गडी

मग दोन दिवस धरतो. आईला पण आणतो, तिला ती ‘बाबा’ची ओळ ऐकायची आहे. मघाशी वाचून दाखवली तर पुन्हा वाच म्हणाली.